कोणाची राख

फुजैराच्या बंदरामागे, तेलाच्या टाक्या संपतात तिथे
आमची शीतखोली. बाहेर शेहेचाळीस, आत चार.
बाहेर पडलं की चष्मा आंधळा होतो.
आत फडताळांवर समुद्राचा तळ,
दीड-दीड मीटरच्या नळ्यांत, उभा चिरलेला,
अर्धा कामाला, अर्धा जपायला.

आखात तसं उथळ. नव्वद मीटरवर तळ लागतो.
हिमयुगात तर कोरडंच होतं,
माणसं चालत गेली असतील, शेळ्या हाकत नसतील अजून.
खोल पाणी होर्मुझच्या बाहेर.
तिथला हा चिखल: हिरवट, करडा, पुन्हा हिरवट.

दूर मुहम्मद नळ्या उचलून देतो. खाशकडचा बलोच.
त्याच्या गच्चीवरून तफ्तान दिसायचा,
थंडीत माथ्यावर धूर.
"माझा डोंगर आला का?" रोज विचारतो,
पोस्टमनला विचारावं तसं.

डोंगर असा येत नाही.
दर सेंटिमीटरचा चिमूटभर चिखल घ्यायचा,
आम्लात शिंपले विरघळवायचे, चाळायचं,
मग जड द्रवात सोडायचं: वाळू बुडते,
काच तरंगते.
मग भिंगाखाली मोजत बसायचं.
शून्य. शून्य. दोन. शून्य.
एक, तोही बहुतेक शेवाळाचा सांगाडा.
तीनशे बारावर एकोणीस.
तीनशे तेरावर चारशे सहा.

मी खुर्ची मागे सरकवली.
पातळ, वाकड्या, स्वच्छ काचा,
फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती,
तीन बुडबुडे जिथे भेटले तिथे तीन फाटे.
आणि हे मी आधी पाहिलेलं होतं.

बोरीला, कुकडीच्या काठी, दरडीत एक पांढरा पट्टा आहे.
काही म्हणतात सुमात्राचा डोंगर फुटला तेव्हाची,
चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची; काही म्हणतात त्याहून कितीतरी जुनी.
आमच्या घरी ती फक्त राख होती.
आई टोपलीभर आणायची,
पितळी तांब्या तिने असा उजळायचा
की त्यात आपलं नाक मोठं दिसे.

मागच्या सुट्टीत लोणच्याची बरणी धुऊन भरून घेतली.
आई म्हणाली, "आरं, भांडी घासायची राख विमानातून न्हेतो?
तिकडं राख मिळत नाय व्हय?"

शारजाच्या विमानतळावर बॅग उघडली गेली.
पांढरी पावडर, झाकणाला चिकटपट्टी, वर तेलाचा जुना डाग.
तरुण अधिकारी. छातीवर नाव: खल्फान.
त्याने कुत्रा बोलावला. कुत्रा शिंकला.
संस्थेचं पत्र बॅगेच्या तळाशी,
आणि माझं अरबी बाजारापुरतं.
"रमाद," मी म्हणालो. राख.
तो थांबला. "कोणाची?"

डोंगराची, हे मला सांगता आलं नाही.
म्हणजे शब्द येत होता. जबल.
पण तो इतक्या हळू विचारत होता
की मी उत्तर शोधत राहिलो,
आणि ते गप्प राहणं त्याला पुरलं.
त्याने बरणी दोन्ही हातांनी बंद केली.
"अल्लाह यर्हमुहा," म्हणाला. तिच्यावर दया करो.
तिच्यावर. कुणावर, ते त्याने ठरवून टाकलं होतं.
मी पत्र काढलं नाही.
घरी फोन केला तेव्हा आई जेवत होती;
का रडतोस, म्हणाली, मीठ कमी झालंय का तिकडं?

ती बरणी आता शीतखोलीत, खालच्या फडताळात.
आज दोन काचपट्ट्या शेजारी ठेवल्या: कुकडी, तीनशे तेरा.
सारख्या दिसतात.
सारखं दिसणं म्हणजे पुरावा नव्हे, रेहाब मॅडम म्हणतात,
रसायन तपासायला पाठवलंय, तीन महिने लागतील.

दूर मुहम्मदने हातमोजे काढले,
भिंगाला डोळा लावून बराच वेळ उभा राहिला.
"हा माझा नाही," म्हणाला.
मग, थोड्या वेळाने, "पण लांबून आलाय बिचारा."
आणि पुढची नळी उचलायला गेला.